पाण्याच्या रकान्यात निरंक

फॉर्म कसा भरायचा हे मला वडिलांनी शिकवलं. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, आणि त्यांचा जेवढा विश्वास कागदावर होता तेवढा देवावरही नसावा. सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या अर्जातला एक रकाना मी मोकळा सोडला, तर त्यांनी जेवणाच्या ताटावरून उठवून माझ्या हातात पुन्हा पेन दिलं. "मोकळी जागा सोडायची नाही. मोकळ्या जागेत कुणीही काहीही लिहू शकतं. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिही." आमटी निवत होती आणि मी निरंक लिहीत होते. त्यानंतर मी आयुष्यात एकही रकाना मोकळा सोडलेला नाही. चांगली सवय म्हणून घरात माझं कौतुकही व्हायचं.

पाण्याचं वेड मात्र माझं स्वतःचं. ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेच्या वाटेवर एक नाला होता, त्याचा रंग रोज वेगळा असायचा. कधी हिरवा, कधी जांभळा, कधी फेस आलेला पांढरा. आम्ही मुली त्यावर पैजा लावायचो आणि हरलेलीनं चिंचा द्यायच्या. याचा राग यायला हवा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. राग पुढे आला, केमिस्ट्री शिकल्यावर. बी.एस्सी. झाले आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका छोट्या लॅबमध्ये नोकरीला लागले. दोन खोल्या, खाली प्लॅस्टिकच्या बादल्यांचं वर्कशॉप. मशीन चालू झालं की आमच्या बाटल्या रॅकवर किणकिणायच्या. मालक सिंधी होते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. ते मला खूश असले की 'बेटा' आणि चिडले की 'मॅडम' म्हणायचे. दिवसभर लोकांचं घाण पाणी तपासायचं आणि संध्याकाळी हाताचा वास जाईपर्यंत साबण लावायचा, अशी ती नोकरी होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा शेठनी एक वेगळं काम आणलं. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या कडेकडेनं एक नवी पॅसेंजर लाईन टाकायचा विचार चालला होता. पैसे देणाऱ्यांची अट होती की आधी पर्यावरणाचा अहवाल पाहिजे: वाटेत झाडं किती, घरं किती, पाणी कुठं, काय बिघडेल आणि ते कसं टाळायचं. अहवालाचं काम पुण्याच्या एका इंजिनियर साहेबांकडे होतं, आणि त्यातला पाण्याचा भाग आमच्या लॅबकडे. म्हणजे माझ्याकडे.

घरी वडिलांना केवढा आनंद झाला. निवृत्त झाल्यापासून ते प्रवाशांच्या सह्या गोळा करत हिंडायचे. नवी लाईन हे त्यांचं स्वप्न होतं. "तुझ्या हातून होणार बघ," ते आईला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले. मलाही मोठेपणा वाटला, खोटं कशाला बोलू.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पन्नाशीचे, डोक्यावर कापडी टोपी, सतत घड्याळ बघणारे. पाऊस यायच्या आत काम संपवायचं होतं. मे महिन्यात आम्ही जीपनं बदलापूर सोडायचो, आणि रस्ता संपला की पायी डोंगर चढायचो. खालच्या शेतांवरून आलेला वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा लागायचा.

वर एक पाडा होता. वीस-बावीस घरं, पाठीमागे दाट झाडीचा एक तुकडा, त्याला ते देवाचं रान म्हणायचे. पहिल्या दिवशी साहेबांच्या माणसांनी लाईनच्या वाटेतल्या झाडांवर लाल ऑइलपेंटनं आकडे टाकले. दुसऱ्या दिवशी गेलो तर एकाही झाडावर आकडा नव्हता. कोयत्यानं तेवढीच साल तासून काढलेली. ताज्या तासलेल्या जागेवर चीक सुकला होता. एवढं करायचं म्हणजे पाड्यातली सगळीच माणसं कामाला लागली असणार, आणि तरी आम्ही आलो तेव्हा प्रत्येक जण दारात शांत बसून आमच्याकडे बघत होता. एकही कुत्रं भुंकलं नाही. मला त्या शांततेची भीती वाटली.

"लोकांना कळत नाही," साहेब टोपी काढून डोकं पुसत म्हणाले. "अहो, हे त्यांच्याच भल्यासाठी आहे. जे नोंदलं जाईल त्यालाच सांभाळता येईल ना!"

ते खरंच बोलत होते. हे मी आज पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं ऐकून लोक साहेबांनाच शिव्या देतात.

माझा फॉर्म सायक्लोस्टाइल केलेला होता, त्यात अकरावा रकाना जलस्रोतांचा. वाटेतली विहीर, झरा, तळं, जे असेल ते लिहायचं. ज्याची नोंद होईल त्याच्या आसपास खोदाई नाही, सुरुंग नाही, बोअर मारायचा नाही, असा नियमच होता. मी पाड्यावर विचारलं, पाणी कुठून आणता? एका म्हाताऱ्यानं खाली, लांब, उन्हात चकाकणाऱ्या नदीकडे बोट केलं. तासभर उतरायचं आणि दीड तास चढायचं. घरांपुढे हंडे पालथे घातले होते, कोरडे ठणठणीत. साहेबांनी मान हलवली आणि पुढे गेले.

मी मात्र थांबले. समोरच्या दारात एक बाई उभी होती, चाळिशीची, काटक, कपाळावर गोंदलेलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि काठाला शेवाळाचा एक हिरवा धागा चिकटला होता. मे महिन्यात, त्या डोंगरावर, शेवाळ! नदीवरून आली असती तर चढता चढता लुगडं दहा वेळा वाळलं असतं.

आडोशाला जायचं आहे, असं मी साहेबांना सांगितलं. बायकांच्या या एका सबबीपुढे कुठलाही साहेब घड्याळ बघत नाही. मी घरांच्या मागून झाडीत शिरले. आत पाऊल टाकलं आणि ऊन बंद झालं. पायाखालची वाट ओलसर होती. पुढे खडकाच्या पोटातून बोटाएवढी धार येत होती आणि खाली दगडांनी बांधलेल्या कुंडीत पडत होती. कुंडीच्या काठावर शेंदूर लावलेला एक दगड होता. मी मागे वळले तर ती बाई माझ्या पाठीशीच उभी होती. तिची चाहूलसुद्धा लागली नव्हती.

"चपला काड," ती हळू आवाजात म्हणाली.

मी काढल्या.

"बगलास ना पानी? बगायला हरकत नाय. पन लिवू नको, बाय."

मी तिला समजावलं. अगदी मनापासून समजावलं. म्हटलं, "मावशी, उलट आहे. मी लिहिलं तर हे वाचेल. इथं कुणी खोदू शकणार नाही, तसा नियम आहे."

ती हसली नाही की चिडली नाही. कुंडीतला पाचोळा काढत बोलत राहिली. "मी लग्नाची व्हते तवा आमचा गाव खाली व्हता. धरनाचं सायब आलं. त्यांनी पन हाच सांगितला, लिवून घेऊ दे, तुमच्या भल्याचा हाये. मंग आमच्या बानं समदा लिवून दिला. इहीर लिवली, आंबं लिवलं, घरावर लाल आकडा टाकला. आन् जेवढा लिवला तेवढा बुडाला. एक आकडा चुकला नाय त्यांचा." मग तिनं शेंदरी दगडाकडे मान केली. "यो देव तेवढा लिवायचा रायला. यो बग, हितं हाये."

माझ्याकडे नियम होता, तिच्याकडे देव होता, आणि तो तिथं माझ्या डोळ्यांसमोर होता.

तिनं कुंडीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. त्यांच्यात शब्द असाच देतात: पाणी हातात धरायचं, बोलायचं, आणि मग ते पिऊन टाकायचं. पिऊन झालं की शब्द पोटात गेला, तो परत घेता येत नाही. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. मी म्हटलं, "नाही लिहिणार." आणि प्यायले.

निघताना मात्र राहवलं नाही. सॅम्पलची एक बाटली मी तिच्या देखतच भरून घेतली. तिनं विचारलं तर म्हटलं, प्यायला. लॅबमध्ये तपासली. शेठ माझ्या खांद्यावरून वाकून आकडे बघत होते. "ये किधर का पानी है, बेटा? डिस्टिल्ड भरून आनला काय?" मी नुसती हसले. त्या खोलीत आलेलं सगळ्यात स्वच्छ पाणी होतं ते. बाटलीवर मी लेबल लावलं नाही, आणि शनिवारी इतर बाटल्यांबरोबर तीही धुतली गेली.

संध्याकाळी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. दहा रकाने भरून झाले. अकराव्याशी पेन थांबलं. खाली वर्कशॉपचं मशीन धडधडत होतं, रॅकवरच्या बाटल्या वाजत होत्या. रकाना मोकळा सोडता आला असता. शब्द तर लिहायचं नाही एवढाच दिला होता. पण मोकळा रकाना बघून माझ्या हाताला कसंतरी व्हायला लागलं. अक्षरं सुबक काढत मी लिहिलं: निरंक. खाली सही केली. घरी आले आणि शांत झोपले. बाईला दिलेला शब्द पाळला आणि वडिलांची शिकवणही, असं मला वाटत होतं. किती हुशार समजत होते मी स्वतःला.

पाऊस पडून गेला, दिवाळी झाली. अहवालाचा मराठी गोषवारा पंचायतीत आणि तहसील कचेरीत लोकांनी वाचावा म्हणून महिनाभर ठेवला होता. थंडीत बदलापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी झाली. ज्याची हरकत असेल त्यानं येऊन बोलायचं. हॉल प्रवाशांनी भरला होता. माझे वडील इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते आणि त्यांनी सर्वांत लांब भाषण केलं. टाळ्या पडल्या. पाड्यावरची सात-आठ माणसं भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. खुर्च्या मोकळ्या होत्या तरी ती खालीच बसली. त्यांत ती बाईही होती.

स्टेजवर एक मोठा नकाशा टांगला होता. निळे ठिपके म्हणजे पाणी. लाल ठिपके म्हणजे लाईन नक्की करण्याआधी जमिनीत बोअर मारून दगड तपासायचा त्या जागा. मी उगाच जवळ जाऊन बघितलं. निळ्या ठिपक्यांपासून सगळे लाल ठिपके नेमानं लांब ठेवलेले. आमच्या पाड्यामागे निळा ठिपका नव्हता. तिथं, देवाच्या रानाच्या अगदी माथ्यावर, एक लाल ठिपका होता.

चहाच्या सुट्टीत मी साहेबांना गाठलं. "साहेब, हा एक बोअर जरा बाजूला नाही का घेता येणार?"

"का?"

"तिथं... जागा बरी नाही वाटत."

साहेबांनी कप खाली ठेवला. "अहो, पाण्याचा रकाना निरंक आहे. तुम्हीच भरलाय. मोकळा असता तर मी परत माणूस पाठवला असता बघायला, तसं मी दोन ठिकाणी पाठवलंही. निरंक म्हणजे तुम्ही जाऊन बघितलं आणि काही नाही, असं होतं. आता बदलायचं तर कारण द्या. पाणी आहे का तिथं?"

मी वळून बघितलं. ती बाई हातात चहाची बशी धरून माझ्याकडेच बघत होती. तिनं सगळं ऐकलं असेल असं नाही, पण साहेब आणि मी नकाशापुढे उभे आहोत हे तिला दिसत होतं. तिनं बशी खाली ठेवली आणि हळूच ओंजळ केली, रिकामीच. मग ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

"नाही," मी साहेबांना म्हटलं.

सुट्टीनंतर अध्यक्षांनी विचारलं, पाड्याकडून काही हरकत? भिंतीजवळून कुणी उठलं नाही. पाण्याबद्दल काही? तो म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, "आमच्याकडं पानी नाय." तेही लिहून घेतलं गेलं. मला त्या हॉलमध्ये उभं राहून ओरडावंसं वाटत होतं, आणि मी खुर्चीत बसून राहिले. भित्री होते म्हणून बसून राहिले की शब्दाला जागले म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मी त्याला शब्दच म्हणत होते.

होळीनंतर बोअरचं मशीन डोंगरावर चढवलं, हे मला शेठकडून कळलं. त्यानंतर रोज मी काम करता करता दचकायचे. खालचं मशीन सुरू झालं की वाटायचं ते तिकडचंच आहे. एप्रिलमध्ये साहेब कसलासा कागद न्यायला लॅबमध्ये आले आणि सहज बोलून गेले: "तुमच्या त्या पाड्यामागे गंमतच झाली. बोअर लाल मातीच्या थरातून आरपार गेला आणि पाण्याचा आवाज यायला लागला, वरून खाली कोसळल्यासारखा. दोन दिवस येत होता. मग थांबला. कुठून आलं एवढं पाणी, कोण जाणे."

मी त्यांना बसा म्हणायलाही विसरले. मला कळलं होतं. काळ्या दगडातून झिरपलेलं पाणी त्या लाल थरावर अडून राहतं, आणि म्हणून डोंगराच्या कुशीतून झरा फुटतो. थराला भोक पडलं की ते अडत नाही.

रविवारी मी एकटी गेले. पाड्याच्या तोंडाशीच हंड्यांची रांग दिसली. या वेळी हंडे पालथे नव्हते, सुलटे होते आणि रिकामे होते. नदीकडून बायका चढून येत होत्या, एकामागून एक. मी नजर खाली घालून देवाच्या रानात गेले. चपला काढल्या. खडकाच्या पोटातून धार यायची तिथं एक काळा ओरखडा उरला होता. कुंडीत पाचोळा साचला होता. शेवाळ वाळून त्याचे पोपडे निघत होते. शेंदरी दगड होता तिथंच होता.

परत आले तर माणसं जमली होती. त्या म्हाताऱ्याचा आवाज चढला. "हिनंच लिवला! बगून गेली व्हती हीच. लिवल्याबिगर बरोबर तितंच कसा आला मशीन? लिवला की जातो, म्यां सांगत व्हतो तुमाला!" एका तरुणानं माझ्या पिशवीला हात घातला, फॉर्म शोधायला बहुतेक. मी प्रतिकार केला नाही. मनात म्हटलं, घे, बघ, आणि मार मला.

तेवढ्यात ती बाई आली. डोक्यावर हंडा, चढून आल्यामुळे छाती भात्यासारखी हलत होती. हंडा उतरवून तिनं त्या तरुणाचा हात बाजूला केला. "हिला बोलू नका कुनी. हिनं नाय लिवला. मी सोता बगला, सायब नकाशापाशी इचारत व्हता, आन् ही नाय म्हनली. शबुद पाळला हिनं. दुसऱ्या कोनी लिवला आसंल." मग माझ्याकडे वळली. "बाय, तू उनाची आलीस. बस."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. माझ्यासाठी घोंगडी टाकली गेली.

ती लाईन पुढे त्या वाटेनं आलीच नाही. दगड ठिसूळ निघाला असं काहीतरी बोअरनंतरच्या अहवालात लिहिलं होतं म्हणे, आणि फाईल बंद झाली. वडील शेवटपर्यंत हळहळत राहिले. पर्यावरणाच्या अहवालाची एक प्रत शेठनी मला भेट म्हणून दिली होती, ती मी कधी उघडली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी मी घोंगडीवर बसले होते आणि सांगायचं ठरवत होते. मावशी, मी लिहिलं असतं तर झरा राहिला असता. मोकळं सोडलं असतं तरी राहिला असता. एवढी दोन वाक्यं. तिनं हंड्यातलं पाणी पेल्यात ओतलं, दीड तास डोक्यावर वाहून आणलेलं, आणि माझ्यापुढे धरलं. पेला कोमट होता. पाण्याला नदीचा वास होता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्या अख्ख्या डोंगरावर माझ्या बाजूनं उभं असलेलं ते एकच माणूस होतं.

मी प्यायले.

"आजून देऊ?" तिनं विचारलं.

नको म्हणायला हवं होतं. नको म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं. मी पेला पुढे केला, आणि तिनं तो काठोकाठ भरला.